आवाज काय, आपोआप येतो म्हणे!

मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. बाकी तुमच्यापैकी एकही माझा मित्र नाही. मी शर्टाच्या कॉलरला लावायचा एक जुना माइक आहे. वाटाण्याएवढं डोकं, त्यावर काळ्या स्पंजची टोपी, मागे एक चिमटा, माणसाच्या उंचीएवढी वायर आणि वायरीच्या टोकाला गोल पिन, एवढीच माझी इस्टेट. मला डोळे नाहीत. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. तुमचं उलटं असतं. तुम्ही डोळे फाडफाडून बघता आणि कान घरी विसरून येता. त्याचाच मला राग आहे आणि आज तो मी काढणार आहे. ज्याला गोडगोड ऐकायचं असेल त्याने एखाद्या जुन्या छत्रीकडे जावं. छत्र्या स्वभावाने गरीब असतात.

माझा जन्म कारखान्यातला. वायरी डागताना होणारी चुरचुर आणि बायकांच्या गप्पा हे माझं पाळणाघर. तयार झालेल्या प्रत्येक माइकमध्ये एक बाई कंटाळलेल्या आवाजात "हॅलो, हॅलो" म्हणायची आणि तो चालतो की नाही ते तपासायची. या जगात माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य "हॅलो, हॅलो" आणि दुसरं "सासूबाईंनी आज परत कुकरची शिट्टी लपवली." दोन्ही मी स्वच्छ उचलली. बाई म्हणाली, "हा चांगला आहे." माझ्या तोंडावर झालेली माझी ही पहिली स्तुती, आणि जवळजवळ शेवटचीच.

मग मी मोबाइलच्या दुकानात आलो. खिळ्याला टांगलेला, एका बाजूला फोनची कव्हरं, दुसऱ्या बाजूला चार्जर. गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, कॅमेरा कसा आहे? फोटो गोरा येतो का? रात्रीचं दिसतं का? ऐकू कसं येतं, हे एकानेही विचारलं नाही. आंधळ्यांच्या गावात आरसे विकायला बसावं तसा मी बहिऱ्यांच्या गावात टांगलेला होतो. एक दिवस एक तरुण बाई आली आणि म्हणाली, "पंख्याचा आवाज येऊ नये असं काही आहे का हो?" तिने मला घेतलं. तिला घरात सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. मनात काय काय म्हणतो ते पुढे कळेलच.

ताई फोनवरून शाळेच्या मुलांना गणित शिकवायची. मी तिच्या ओढणीला चिमटा लावून बसायचो आणि अपूर्णांक, टक्केवारी, त्रिकोण असं सगळं वायरीतून पुढे पोचवायचो. वरचा पंखा, खालचा भाजीवाला, शेजारचं मिक्सर यांना मी दारातच अडवायचो. एका मुलाच्या आईने फोन करून सांगितलं, "ताई, तुमचं सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं हो! समोर बसून शिकवल्यासारखं वाटतं." ताई काय म्हणाली असेल? म्हणाली, "हो, फोन चांगला आहे ना माझा." मी तेव्हा तिच्या गळ्याशीच होतो. राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने, ही तुमच्या घरोघरची रीत असेल. मला मात्र ती आजवर पचलेली नाही.

त्या घरात चार माणसं. ताईचे बाबा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. ढिगासमोर उभं राहून मालाची तारीफ करायची, व्यापाऱ्यांना चढाओढीने बोली लावायला भाग पाडायचं आणि शेवटी सौदा पक्का करायचा, हे त्यांचं काम. बाजारात त्यांना सगळे भोंगा म्हणत. नाव चुकीचं होतं. भोंगा नुसता ओरडतो. बाबांचा आवाज न ओरडता शेवटच्या माणसापर्यंत जायचा. मी कारखान्यापासून आजपर्यंत पुष्कळ आवाज ऐकले, तसा आवाज ऐकला नाही. संध्याकाळी घरी येताना ते जिन्याच्या पहिल्याच पायरीवरून हाक मारायचे आणि आई वर चहाचं आधण ठेवायची. आईची एक तऱ्हा होती. ती टीव्हीकडे कधीच बघायची नाही. ओट्याकडे तोंड, टीव्हीकडे पाठ, आणि तरी मालिकेत कोण खोटं बोलतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. चौथा ताईचा धाकटा भाऊ. तिशी उलटली तरी घरात त्याचं नाव बाळ्या. तो घरोघर पाण्याचे फिल्टर विकायचा. त्यामुळे तोंडाला कुलूप नव्हतं.

पुढे ताईला मोबाइलवर सिनेमे करायचं वेड लागलं आणि माझे दिवस फिरले. आधी नवा फोन आला. त्याला गोल भोकच नव्हतं! एक चपटी फट, बस्स. माझी गोल पिन त्यात जाईल कशी? मधे बोटाच्या पेराएवढा एक जोड लागतो. तो कुठल्याही दुकानात मिळतो. ताईने काय काय आणलं म्हणता? फोनवर लावायची भिंगं आणली. तोंडावर उजेड पाडायचं गोल कडं आणलं. आणि गिम्बल नावाचा एक दांडा आणला. त्यात फोन अडकवला की कितीही धावलं तरी चित्र हलत नाही म्हणे. दिवसभर त्याच्या मोटारी कुईंकुईं करायच्या. घरात नवा जावई आल्यासारखं त्याचं कौतुक. एवढं सगळं आलं, पण तो पेराएवढा जोड काही आला नाही. मी खणात गेलो, जुन्या फोनशेजारी.

खणात पडल्या पडल्या मी बहीणभावाची भांडणं ऐकायचो. ताई म्हणायची, चांगली साधनं नसतील तर सिनेमा बाळबोध दिसतो. बाळ्या म्हणायचा, "साधनांनी काही होत नसतं गं! गोष्ट दमदार पाहिजे. हातात फोन आहे ना? मग झालं!" हे वाक्य त्याने कुठून तरी उचललं होतं आणि फिल्टर विकताना म्हणतात तसं घोळवून घोळवून म्हणायचा. एकीला वाटायचं, बाजार विकत आणला की सिनेमा होतो. दुसऱ्याला वाटायचं, तोंड वाजवलं की सिनेमा होतो. उडदामाजी काळे गोरे, काय निवडायचं?

अशात बाबांचा आवाज बसला. सर्दी म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या, आवाज बसलेलाच. मग तपासण्या झाल्या. एका दुपारी चौघं घरी आले. नुसत्या खुर्च्या सरकल्या. मग ताईने आईला डॉक्टरांचं म्हणणं परत एकदा नीट सांगितलं. गाठ घशात आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. तो परत येणार नाही.

बाबा म्हणाले, "चला, दोन्हीतलं एक तरी ठेवतायत."

तेव्हा बाळ्याच म्हणाला की आपण बाबांवर सिनेमा करू, शेवटचा लिलाव टिपून ठेवू, मोबाइल सिनेमांची एक स्पर्धा आहे तिच्यात पाठवू. बाबा म्हणाले, "पाठवा कुठं पाठवायचा तिथं. मला एवढंच सांगा, माझा पुकारा नीट येईल ना त्यात? तुझ्या आईला नंतर तेवढाच उरणार आहे."

"येईल बाबा," दोघं एका सुरात म्हणाले.

बाजारात मी गेलो होतो, ताईच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून. क्रेट आपटत होते, मागे येणारे ट्रक टींटीं करत होते, हमाल "बाजू, बाजू" ओरडत होते, आणि या सगळ्यात आमचे जावईबापू कुईंकुईं करत होते. ताईने मला बाहेर काढलं, पिन फोनजवळ नेली आणि थांबली.

"अगं बाई! याचा जोड आणायचा राहिला."

"राहू दे गं ताई," बाळ्या म्हणाला. "फोनला माइक असतोच की. ती वायर लोंबकळताना बरी दिसेल का बाबांच्या छातीवर?"

"तेही खरंच. आणि आवाज काय, आपोआप येतो."

मित्रांनो, ज्या बहीणभावाचं जन्मात कधी कशावर पटलं नाही, त्यांचं माझ्यावर पटलं. मी परत कप्प्यात गेलो.

मग बाबांनी पुकारा सुरू केला. आवाज घोगरा झाला होता, कडेला फाटला होता, तरी सगळ्या गोंगाटातून तो सरळ आला. "बोला, बोला, बोला! टोमॅटो बघा, गाल बघा त्याचे! अजून देठ हिरवा आहे, बोला!" बोली चढत गेली. बाबांचा एक नेम होता, तो मी घरी ऐकलेला. "दोन वार" म्हटल्यावर ते थांबायचे आणि समोरच्या एकेका व्यापाऱ्याचा चेहरा बघायचे. सगळे बघून झाल्याशिवाय "तीन वार" म्हणायचे नाहीत. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. सगळा बाजार गप्प झाला. मग "तीन वार!" आणि टाळी. मी सगळं ऐकलं. पण माझी पिन हवेत होती. पिन हवेत असलेल्या माइकने ऐकलं काय आणि दगडाने ऐकलं काय!

घरी येऊन त्यांनी ते टीव्हीवर लावलं. बाळ्या "वा! वा!" करत होता. कॅमेरा कसा तरंगत गेला, टोमॅटोवरचं पाणी कसं चमकलं, बाबांच्या कपाळावरची शीर कशी दिसली. आवाज म्हणाल तर ट्रकची टींटीं, मोटारीची कुईंकुईं, आणि फार लांबून, तोंडात बोळा कोंबलेलं कोणीतरी काहीतरी म्हणतंय.

आई ओट्याशी होती. ती म्हणाली, "हे कुठं आहेत यात?"

"अगं, समोर तर आहेत," बाळ्या म्हणाला. "बघ तरी वळून. केवढे मोठे दिसतायत!"

"दिसत असतील रे. पण आहेत कुठं?"

ताईने आवाज वाढवला. टींटीं वाढली. तिने तो तुकडा मागे नेऊन परत लावला, परत लावला. मग बाळ्याच हळूच म्हणाला, "ताई, दांड्याचा चिमटा बघ. फोनच्या माइकचं भोक बरोब्बर त्याच्याखाली दाबलं गेलंय."

मग जुंपली. तुझ्या दांड्याने घात केला. तूच म्हणालास वायर नको. तूच म्हणालीस आपोआप येतो. दोघांचाही मुद्दा बरोबर होता आणि दोघांनाही एकेक ठेवून द्यावी असं मला वाटत होतं. माणसाचा आवाज चाललाय, तो राखून ठेवायची एक वेळ होती, ती या दोघांनी थाटामाटात घालवली. दुसऱ्या दिवशी बाजाराची सुट्टी होती आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

बाबा म्हणाले, "जाऊ दे रे. टोमॅटो तर छान आलेत." हे वाक्य मला भांडणापेक्षा जास्त लागलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी खण खस्सकन उघडला. ताईने आधी जुना फोन बाहेर काढला, मग मला. फोनला गोल भोक होतं. माझी पिन टक्‌ करून आत बसली. किती दिवसांनी! मला आनंद झाला असं समजू नका. मी रागातच होतो.

बाळ्या म्हणाला, "पण याचा कॅमेरा गेलाय. नुसतं धुकं दिसतंय. कोण बघणार?"

"नको बघू दे कोणी," ताई म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य.

आतल्या खोलीत तिने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दाराला रजया टांगल्या. फ्रिजची घरघर येत होती म्हणून त्याचंही बटण बंद केलं. "दूध नासेल," बाबा म्हणाले. "नासू दे," आई म्हणाली. ताईने मला बाबांच्या कॉलरला लावलं, दोन वाक्यं बोलायला लावली, ऐकली, आणि म्हणाली, "कापड घासतंय. जरा वर घेते." तिने मला वर घेतलं, परत ऐकलं. तिला येत होतं की सगळं! येत असून केलं नव्हतं, याचीच तर चीड.

आता बाबांचं भलतंच निघालं. "कशाचा पुकारा करू? पलंगाचा? समोर माल नाही, गिऱ्हाईक नाही. मोकळ्या खोलीत बोंबलायला मी काय वेडा आहे?"

मग आई बाहेर गेली आणि काहीतरी आणून तिने बाबांच्या हातात दिलं. "हे विका."

"आई! तो माझा गिम्बल आहे!" ताई ओरडली.

बाबांनी घसा साफ केला. आणि मग, मित्रांनो, त्या बंद खोलीत बाजार उभा राहिला.

"बोला, बोला, बोला! हा दांडा बघा, दांडा! तीन ठिकाणी मान मोडते तरी ताठ उभा राहतो! घरात आल्यापासून काडीचं काम नाही, माल एकदम कोरा! कपडे वाळत घाला, पाठ खाजवा, बोला!"

"दहा!" आई म्हणाली.

"दहा? बाई, दहात तर याची कुरकुरसुद्धा येत नाही! पुढं बोला!"

"वीस!" बाळ्या.

"बाबा, शंभर! मला परत द्या तो!" ताई.

"मालकिणीला बोली लावता येत नाही. बाजाराचा नियम आहे. वीस एक वार, वीस दोन वार..." आणि थांबले. नेमाप्रमाणे एकेकाचा चेहरा बघत असणार. माझ्या दातांखालची कॉलर थरथरत होती. ते हसू दाबत होते. "वीस तीन वार! दांडा गेला!"

मग उजेडाचं कडं गेलं, भिंगं गेली. खोलीत हसण्याचा गोंधळ झाला. बाबांचा घसा आता खरवडत होता. ताई म्हणाली, "पुरे बाबा, त्रास होईल."

"एक राहिला," आई म्हणाली. "आता तुमचा करा."

हसणं थांबलं. बाबांनी श्वास घेतला, तो मला फार जवळून ऐकू आला.

"बोला," ते म्हणाले. या वेळी सावकाश. "माल जुना आहे. घशापाशी किडलाय, खोटं सांगणार नाही. इथून पुढं हाक मारणार नाही, भांडणार नाही, विचारलं तर ओ देणार नाही. घरी नेलात तर नुसता खुर्ची अडवून बसणार. घ्यायचा त्याने विचार करून घ्या. बोला."

मग आई म्हणाली, "मी घेते."

"आकडा सांगा बाई. इथं आकड्यावर चालतं."

"आकडा नाही. लागेल ते देते."

"मग... एक वार," बाबा म्हणाले. "दोन वार." आणि थांबले. आता बघायचा चेहरा एकच होता. ते बघत राहिले असणार. मग त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. परत प्रयत्न केला, परत हवा.

"तीन वार," आई म्हणाली आणि तिनेच टाळी वाजवली.

मला रडू आलं. मी माइक आहे, मला रडता येत नाही, तरी सांगतो की आलं. मी त्यातला एक श्वासही सोडला नाही. सगळं जसंच्या तसं वायरीतून पुढे पाठवलं.

ऑपरेशन नीट झालं. बाबांचा जीव वाचला, आवाज गेला. ताईने बाजाराच्या चित्रांखाली माझा आवाज जोडला आणि सिनेमाला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस घेताना बाळ्या काय बोलला ते नंतर घरात टीव्हीवर वाजलं. "आमच्याकडे साधनं नव्हती. फक्त एक मोबाइल होता आणि एक गोष्ट होती!" टाळ्यांचा कडकडाट. त्याच्यामागून ताई बोलली, तिने भिंगांचे आभार मानले. माझ्या वायरीला फास टाकता येत असता तर मी त्या दोघांना तिथल्या तिथे दाखवलं असतं. साधनं लागत नाहीत म्हणणारा एक गाढव, आणि साधनं म्हणजे फक्त डोळ्यांची साधनं समजणारी दुसरी. काय हरवणार आहे ते आधी बघा आणि तेवढंच धरणारं साधन घ्या. ते वाटाण्याएवढं असलं तरी चालेल. इतकी साधी गोष्ट आहे. पण साध्या गोष्टीला टाळ्या पडत नाहीत.

आता मी स्वयंपाकघरात असतो, जुन्या फोनला लटकलेला, फळीवर. आई काम करताना तोच आवाज लावते. "बोला, बोला!" असं बाबा फोनमधून म्हणाले की ती ओट्यावरून खरीखुरी बोली लावते, दर वेळी वेगळी. "दांड्याचे पाच! जास्त नाही देणार!" बाबा तिथेच टेबलाशी लसूण सोलत बसलेले असतात. सोललेल्या पाकळ्या ताटलीत पडतात त्या मला ऐकू येतात. मग त्या पडायच्या थांबतात आणि आई म्हणते, "अहो, पुरे! केवढं हसताय! डोळ्यांत पाणी आलं बघा. घशाला ताण पडेल."

मी कान टवकारतो. मला काहीच ऐकू येत नाही.

बाबा तिथे हसतायत, पोट धरून हसतायत, आणि माझ्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचत नाही. कारखान्यातल्या बाईने ज्याला चांगला म्हटलं, तो मी, या कामाला शून्य आहे. ते हसू फक्त दिसतं. त्याला कॅमेराच लागतो. आणि चांगला कॅमेरा दोन खोल्या सोडून पलीकडे आहे. ताई त्याच्यासाठी नवीन भिंग निवडतेय आणि बाळ्या कोणाला तरी फोनवर सांगतोय की साधनांनी काही होत नसतं.

मित्रांनो, मी कधी कोणापुढे हात जोडले नाहीत, मला हातच नाहीत. कॅमेऱ्यांचा मला राग आहे आणि तो राहील. पण तुमच्यापैकी कोणीतरी उठा आणि तो फोन इकडे आणा. भिंग राहू दे, दांडा राहू दे, नुसता फोन आणा. लवकर आणा, ते आत्ता हसतायत.